एकाच रायफलीवर स्कोप आणि रेड डॉट: सात महिन्यांनंतर

खंडेनवमीला आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आजोबांची गंजकी तलवार, बाबांचा पान्ह्यांचा डबा आणि माझी छऱ्याची रायफल यांची एकत्र पूजा झाली. त्याच संध्याकाळी मी स्कोपच्या, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीच्या, शेजारी रेड डॉट बसवला: काचेत लाल ठिपका दिसतो, तो निशाणावर ठेवायचा. बहीण म्हणाली, "दादा, डोळे सगळे बंदुकीला आणि चश्मा मात्र तुला!" आता मे संपत आलाय. मधल्या काळात छऱ्यांचे किती डबे संपले ते घरी सांगितलेलं नाही.

रायफल पॉइंट १७७ बोअरची, नळी वाकवून भरायची, स्प्रिंगची. २० जूलच्या आतली, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न नाही. स्कोप ३-९ बाय ४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची), पुढच्या टोकाला फोकसची रिंग असलेला. डॉट छोटा, उघड्या काचेचा, ३ एमओएचा ठिपका (एमओए हे कोनाचं माप). कंपन्यांची नावं लिहीत नाही. दोन्ही वस्तू स्वस्तातल्या आहेत आणि पुढच्या तक्रारींतल्या निम्म्या तरी माझ्याबद्दलच्याच आहेत.

दोन्ही हवेत कशाला? इंदूरपासून खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे मामांचं शेत आहे. गहू निघाला की बांधाला वाळूची पोती रचून आम्ही निशाणं लावतो: १० मीटरवर फिरती चकती, २५ ते ३० मीटरवर बाटलीची झाकणं. (पक्षी मारतोस का, असं विचारणारे भेटतातच. नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि मामा त्याहून कडक आहेत.) चकतीवरून झाकणावर आणि परत चकतीवर, हा आमचा खेळ. ठिपक्यानं झाकण मारता येत नाही, कारण एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटिमीटर. त्या हिशोबानं माझा ठिपका १० मीटरवर ९ मिलिमीटर झाकतो आणि ३० मीटरवर २६. झाकण जवळजवळ पूर्णच गायब. उलट स्कोपमधून फिरती चकती शोधायची म्हणजे गर्दीच्या सराफ्यात हरवलेलं पोरगं शोधण्यासारखं.

पहिले दोन महिने डॉट ४५ अंशांच्या बाजूच्या माउंटवर होता. रायफल जराशी डावीकडे कलती केली की ठिपका डोळ्यासमोर. व्हिडिओंमध्ये हे फार झकास दिसतं. माझ्याकडे ते चाललं नाही, आणि का नाही हे कळायला दिवाळी उलटली. व्हिडिओतल्या रायफली काडतुसाच्या असतात. स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीत असतानाच पिस्टन सुटतो आणि रायफल आधी मागे, मग पुढे हिसका खाते. म्हणून तिला सैल धरावं लागतं आणि दर वेळी तसंच, त्याच जागी धरावं लागतं. कलती केली की दस्ता खांद्यात वेगळा बसतो, डाव्या तळव्यावर भार दुसरीकडे येतो आणि छर्रा दुसरीकडे जातो. शनिवारी केलेला झिरो, म्हणजे नेम धरू तिथेच छर्रा लागेल अशी जुळवणी, पुढच्या रविवारी २० मीटरवर दोन-तीन सेंटिमीटर सरकलेला. शिवाय माझ्या रायफलीवर माउंट बसवायला ११ मिलिमीटरची खाच आहे आणि माउंट रुंद पट्टीचा, त्यामुळे मध्ये एक जोडपट्टी. रायफल कलती केल्यावर डॉट नळीच्या बरोबर वर येतच नव्हता, थोडा बाजूला राहायचा. १० मीटरवर जुळवलं की २५ वर छर्रा दुसऱ्या बाजूला निघून जायचा. मी उगाच स्क्रू पिळत बसलो.

मग डॉट स्कोपच्या डोक्यावर चढवला, स्कोप धरून ठेवणाऱ्या मागच्या रिंगच्या वरच्या पट्टीवर. मामेभाऊ म्हणाला, "भिया, ही तर डबल डेकर झाली." पण रायफल सरळ राहिली, त्यानंच अर्धं दुखणं गेलं.

उरलेलं अर्धं म्हणजे उंची. स्कोपचा मध्य नळीच्या वर साडेचार सेंटिमीटर आहे, डॉटचा आठ. दोन्ही २० मीटरवर झिरो केले तर १० मीटरवर स्कोपचा छर्रा सव्वा सेंटिमीटर खाली लागतो आणि डॉटचा तीन. चकतीचा व्यास चार सेंटिमीटर, म्हणजे डॉटवाला छर्रा खालून निसटला. आता डॉट १० मीटरवर झिरो आहे आणि तसाच ठेवतो. त्याच ठिपक्यानं २० मीटरवर मारलं तर छर्रा सहा सेंटिमीटर वर जातो, तेव्हा ते करायचंच नाही. स्कोप २५ वर.

तरी ठिपक्यानं मारलेले छर्रे पसरलेलेच. आमच्या गल्लीत महूच्या इन्फंट्री स्कूलमधून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात, मूळचे साताऱ्याचे. त्यांनी रायफल बघितली, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. एवढंच म्हणाले, "दस्त्याला खडू लाव, दहा छर्रे स्कोपनं मार, दहा त्या ठिपक्यानं. मग आरशात बघ." बघितलं. स्कोपचा खडू गालाच्या हाडावर, एकाच जागी. ठिपक्याचा हनुवटीपासून ओठापर्यंत वाटेल तिथे. डोळा वर न्यायचा म्हणजे गाल दस्त्यावरून सुटतो, आणि सुटलेला गाल दर वेळी नवीन जागा शोधतो. पॅरॅलॅक्स-फ्री डॉट, म्हणजे डोळा हलला तरी ठिपका निशाणावरून न हलणारा, म्हणून डोकं कुठेही ठेवा, असं खोक्यावर लिहिलंय. १० मीटरवर ते खरं नाही, डोकं हललं की ठिपका निशाणावरून थोडा सरकतोच. उपाय म्हणून जुन्या योगा मॅटचा तुकडा दस्त्यावर ठेवून क्रेप बँडेजनं बांधला. बायकोनं विचारलं, "हाड मोडलं का हिचं?" हनुवटीला आता एक ठरलेली जागा आहे, आणि १० मीटरवर पाच छर्रे दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत जातात. स्कोपनं हेच एका भोकात जातात, हेही सांगायला हवं.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. स्कोप ९ वर असताना जवळचं काही सापडत नाही, म्हणून डॉट हवा, असा माझा समज होता. पण स्कोप ३ वर आणून दोन्ही डोळे उघडे ठेवले तर २० मीटरवर मी जवळपास तितक्याच वेगानं मारतो. घड्याळ लावून पाहिलं. वेळ झूममध्ये जात नाही, फोकसमध्ये जातो. ३० मीटरला लावलेली पुढची रिंग १० मीटरला आणायची म्हणजे डावा हात सोडायचा, पुढे न्यायचा, फिरवायचा, परत धरायचा. नाही फिरवली तर चकती धूसर आणि निशाणही घसरतं. डॉटला फोकस नाही. माझ्याकडे त्यानं जागा कमावली ती एवढ्यासाठीच. ज्यांची सगळी निशाणं एकाच अंतरावर आहेत त्यांनी हे पैसे छऱ्यांवर घालवावेत.

बाकी कुरबुरी. मला चश्म्यात सिलिंडरचा नंबर (दृष्टिवैषम्य) आहे, त्यामुळे ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा दिसतो. वस्तू खराब आहे समजून परत पाठवणार होतो. मोबाइलनं काचेतून फोटो काढला तर त्यात ठिपका गोल. डॉट वर गेल्यापासून मान ताठ राहते, चश्म्याच्या मधून बघणं होतं आणि स्वल्पविराम बराच आखडलाय. मे महिन्याच्या दुपारी चुना लावलेल्या भिंतीपुढे सगळ्यात जास्त उजेडावरही ठिपका शोधावा लागतो. सीआर २०३२ सेल दोनदा मेला, दोन्ही वेळा बंद करायला मीच विसरलो. स्प्रिंगच्या हिसक्यानं माउंटचे स्क्रू तिसऱ्या आठवड्यात ढिले झाले. निळं लॉकटाइट (स्क्रू ढिले न होऊ देणारा गोंद) लावल्यापासून हललेले नाहीत. स्कोपच्या मागे अडवणारी खुंटी नसेल तर अख्खा स्कोपच मागे सरकतो, तेव्हा ती आधी घ्या, डॉट नंतर.

भाची शाळेतून १० मीटर एअर रायफल शिकायला लागली आहे. तिला हे सगळं दाखवलं तर हसली. खरगोनचा नेमबाज ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकलेला आपला स्वप्नील कुसळे, यांच्या रायफलीवर ना स्कोप ना ठिपका. त्यांच्या नियमात बसतच नाही.

पाऊस लागला की काळ्या मातीत शेतापर्यंत गाडी जात नाही. मग चार महिने आमच्या घराचा लांबट बोळ, बरोबर १० मीटर, आणि टोकाला रद्दी ठासलेला पत्र्याचा डबा. तिथे स्कोपचं कामच नाही, तो उतरवून ठेवावा म्हटलं. पण डॉट बसलाय स्कोपच्या रिंगवर. एक उतरवला की दुसराही आला खाली. उरते ती नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी. काल तिच्यावरची धूळ पुसली.