घडीच्या चाकूंचे खटके आणि मुठी: मसाल्याच्या हंगामापासून दिवाळीपर्यंतचा वापर

घडीचा चाकू विकत घेताना बहुतेक जण पाते आणि पोलाद पाहतात, खटका, म्हणजे उघडलेले पाते मिटू न देणारी कळ, फार तर एकदोनदा उघडझाप करून बघतात आणि मुठीचा विचार दिसण्यापुरताच करतात. होळीच्या सुमारास आमच्या मसाल्याचा हंगाम सुरू झाला, तेव्हापासून दिवाळीच्या फराळाची पार्सले संपेपर्यंत मी पाच वेगवेगळ्या रचनांचे चाकू आळीपाळीने वापरले. त्यानंतर माझे मत पक्के झाले आहे, की रोजच्या कामासाठी खटका किती ताण सहन करतो हा प्रश्न दुय्यम आहे. चाकू मिटताना बोटे पात्याच्या वाटेत येतात का, आणि मूठ बराच वेळ हातात राहिल्यावर तळहात काय म्हणतो, हे आधी पाहायला हवे.

वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ आमचे घरगुती मसाल्यांचे काम आहे. हाथीखान्याच्या घाऊक बाजारातून मिरचीची, धण्यांची पोती येतात, त्यांची शिवण उसवायची असते. खोक्यांना आवळलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायच्या असतात. गोड्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याचे तुकडे करायचे असतात. आणि संध्याकाळी पार्सलांच्या सुतळ्या असतात. मी डावखुरी आहे आणि माझा पंजा लहान आहे. यजमान उजव्या हाताने काम करतात आणि त्यांचा पंजा चांगला रुंद आहे, त्यामुळे प्रत्येक चाकू दोन अगदी वेगळ्या हातांतून गेला. माझ्याकडील चाकू कोणत्या कंपन्यांचे आहेत, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण तुलना रचनांची आहे आणि एकच रचना उत्तम किंवा सुमार अशा दोन्ही प्रकारे बनवलेली मिळते. पाचांचीही पाती साधारण साडेसात ते साडेआठ सेंटिमीटरची आहेत.

खटक्यावर ताण नेमका केव्हा येतो, हे आधी स्पष्ट करायला हवे. सुतळी कापताना, चिकटपट्टी चिरताना किंवा फळ सोलताना जोर धारेच्या बाजूने येतो आणि तो पात्याला उघडण्याच्याच दिशेने रेटतो. पाते आतल्या थांब्यावर टेकलेले असल्यामुळे तेव्हा खटक्याला काहीच करावे लागत नाही. त्याची परीक्षा उलट वेळी होते. खोबऱ्याच्या वाटीत पाते रुतते, ते सोडवण्यासाठी आपण हात खालीवर हलवतो आणि त्या क्षणी पात्याच्या पाठीवर दाब येतो. टोकाने जाड पुठ्ठ्याला भोक पाडताना हात किंचित तिरका झाला, तरी हेच घडते.

बिनखटक्याच्या चाकूत पाठीमागची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाबून बसलेली असते आणि केवळ त्या दाबावर पाते उघडे राहते. स्वित्झर्लंडमधील इबाखच्या कार्ल एल्सेनर यांनी 1897 मध्ये ज्या बहुउपयोगी चाकूची नोंदणी केली, तो याच जातीचा, आणि आजही खिशात सर्वाधिक दिसणारी रचना हीच असावी. फळे, धागे, पाकिटे यांसाठी मला हा चाकू पुरेसा वाटतो. खोबऱ्याला मात्र तो लावू नये. पाते रुतल्यावर मूठ हलवली की ते अर्धवट मिटू लागते. शिवाय तो उघडायला पात्यावरच्या खाचेत नख अडकवावे लागते, आणि मसाल्याच्या कामात नखे बारीक कापलेलीच ठेवावी लागतात. खोबऱ्याचे तेल लागलेल्या बोटांनी ती खाच धरणे फार जिकिरीचे होते.

पाठीवरच्या खटक्याचा चाकू, म्हणजे बॅक लॉक, अमेरिकेत बक कंपनीच्या 110 क्रमांकाच्या चाकूमुळे 1960च्या दशकापासून घरोघरी पोहोचला. मुठीच्या पाठीत एक लांब दांडी असते, ती मधल्या खिळ्यावर डुलते, तिच्या पुढच्या टोकाचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो आणि मागच्या टोकाखालील स्प्रिंग त्याला तिथे धरून ठेवते. ही रचना डाव्या-उजव्या हाताचा भेद करत नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी जमेची बाजू. मिटताना मी एका हाताने दांडी दाबते आणि दुसऱ्या हाताने पात्याची पाठ धरून ते खाली आणते, त्यामुळे बोटे धारेपासून लांब राहतात. एका हाताने मिटवण्याचा प्रयत्न करू नये, कारण दांडी दाबताच पाते सैल होऊन थेट बोटांवर येते.

मसाल्याच्या कामात या रचनेची एक अडचण निघाली, ती मला कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळाली नव्हती. आकडा ज्या खाचेत पडतो, त्या खाचेत हळदीची आणि तिखटाची पूड साचते, खोबऱ्याच्या तेलाने ती घट्ट दाबली जाते, आणि आकडा पुरता खाली बसत नाही. वरून पाहता चाकू उघडलेला दिसतो, खट असा आवाजही येतो, पण दांडीचे टोक मुठीच्या रेषेपेक्षा केसभर वर राहिलेले असते. ते बोटाने चाचपून पाहावे. समतल लागले तरच आकडा पूर्ण बसला आहे. आता मी दर आठवड्याला जाड सुईने ती खाच कोरते आणि तिच्यातून निघणारी पिवळी ढेप पाहिली, की ही सवय मोडायची नाही, असे पुन्हा ठरवते. मुठीवर जोर देऊन भोक पाडताना तळहाताचा उंचवटा दांडीच्या दाबायच्या जागेवर पडतो, हेही लक्षात ठेवावे. काही चाकूंत तिथे मुद्दाम खोलगट वळण दिलेले असते, म्हणजे अजाणता दाब पडत नाही. घेताना ते वळण आहे का, हे जरूर पाहावे.

लायनर लॉकबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण बाजारात स्वस्तापासून महागापर्यंत तोच अधिक दिसतो आणि डावखुऱ्यांना त्याचाच त्रास अधिक होतो. मायकल वॉकर या अमेरिकी कारागिराने 1980च्या दशकात या रचनेला आजचे रूप दिले. मुठीच्या आत धातूचे पातळ अस्तर असते, त्याचाच एक भाग कापून आतल्या बाजूला वाकवलेला असतो, आणि पाते उघडताच ती पट्टी सरकून त्याच्या बुडाखाली टेकते. मिटवायला ती पट्टी बाजूला ढकलावी लागते. उजव्या हाताचा अंगठा तिला सहज आपल्यापासून दूर ढकलतो, म्हणूनच यजमानांना हा चाकू फार आवडतो आणि ते तो एका हाताने उघडतात व मिटवतात. डाव्या हातात मात्र अंगठा पट्टीच्याच बाजूला येतो आणि तिला आपल्याकडे ओढावे लागते, नाहीतर तर्जनी आत खुपसून ढकलावे लागते. कोणत्याही हाताने केले, तरी ढकलणारे बोट नेमके पात्याच्या वाटेत असते. पाते थोडे खाली आले की ते बोट चपळाईने काढून घ्यावे लागते. हात तेलकट, मिरचीने चुरचुरणारे आणि दिवसभराच्या कामाने जड झालेले असताना ही चपळाई गृहीत धरणे मला पटत नाही.

पट्टी बुडाला नेमकी कुठे टेकते, हे उजेडात धरून पाहावे. नव्या चाकूत ती बुडाच्या अलीकडच्या भागात टेकते आणि वापरासोबत झिजून हळूहळू पलीकडे सरकते. ती पलीकडच्या कडेला पोहोचली, की पाते डुगडुगायला लागते. एका स्वस्त चाकूत हे पावसाळ्याच्या आतच घडले, कारण त्याची पट्टी पातळ आणि मऊ होती. जाड पट्टीचा दुसरा चाकू अजून पहिल्यासारखा घट्ट आहे. या रचनेत मूठ बहुधा पाठीकडून उघडी असते, त्यामुळे पूड अडकत नाही आणि फुंकर मारली तरी बरीचशी निघून जाते, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. मुठीचीच एक बाजू खटका म्हणून वापरणारा फ्रेम लॉक हा याचाच दणकट भाऊ. डावखुऱ्यांची अडचण त्यातही तशीच राहते.

आडव्या दांड्याचा खटका 1998 मध्ये बेंचमेड कंपनीने मॅकहेन्री आणि विल्यम्स यांच्या रचनेवरून ॲक्सिस या नावाने आणला, आणि आता तो क्रॉसबार लॉक म्हणून अनेक कंपन्यांच्या चाकूंत मिळतो. मुठीच्या दोन्ही बाजूंना आरपार जाणारा छोटा पोलादी दांडा पात्याचे बूड आणि मागचा थांबा यांच्यामध्ये येऊन बसतो, आणि ओमेगा अक्षराच्या आकाराच्या दोन बारीक स्प्रिंगा त्याला पुढे ढकलत राहतात. दांड्याच्या दोन्ही टोकांच्या घुंड्या मुठीबाहेर असतात. त्या अंगठ्याने आणि तर्जनीने मागे ओढल्या की पाते मोकळे होते आणि एकही बोट त्याच्या वाटेत येत नाही. डाव्या हाताने आणि उजव्या हाताने ही कृती अगदी एकसारखी होते. घडीचा चाकू माझ्या हातासाठी बनवला आहे, असे मला पहिल्यांदा इथे वाटले, आणि तो आनंद मी मोकळेपणाने नोंदवते. यातल्या बारीक स्प्रिंगा कधीतरी तुटतात, ही या रचनेची ज्ञात कमजोरी आहे; एक तुटली तरी दुसरी काम चालवते, पण दांडा एका बाजूने सैल लागला की दुरुस्तीला द्यावा.

कडीचा चाकू ही फ्रान्समधील साव्हॉय भागाची देणगी. तिथल्या ओपिनेल घराण्याचा लाकडी मुठीचा चाकू 1890 पासूनचा, आणि मुठीच्या तोंडाशी फिरणारी खटक्याची कडी 1955 मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्यात आणली. कडी फिरवली की तिची फट पात्यापासून दूर जाते आणि पाते मिटूच शकत नाही, इतके हे सोपे आहे. मात्र कडी आपणहून फिरत नाही. ती फिरवायची राहिली तर हातात बिनखटक्याचाच चाकू असतो, आणि आमच्याकडे मदतीला येणाऱ्या बेन सुतळीच्या घाईत ती हमखास तशीच सोडतात. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते, पाते मुठीत आवळले जाते आणि मुठीचे बूड टेबलावर ठोकून त्याचे टोक बाहेर काढावे लागते. कार्बन पोलादाचे पाते कैरी आणि लिंबाने काळवंडते, त्याला इलाज नाही. पुसून तेलाचा हात फिरवावा.

तरीही मुठीच्या बाबतीत पाचांमध्ये हाच चाकू अव्वल ठरला. त्याची मूठ गोलसर, मध्ये भरलेली आणि पुढे-मागे निमुळती आहे. कुठलाही कंगोरा नाही, स्क्रू नाही, खिशाला अडकवायची क्लिप नाही. खोबऱ्याची रास संपवून उठल्यावर तळहातावर एकही वळ उरत नाही. माझा आधीचा समज असा होता, की लहान हाताला लहान आणि चपटी मूठ बरी. प्रत्यक्षात मुठीची जाडी तिच्या लांबीपेक्षा महत्त्वाची ठरली. चपटी मूठ खिशात छान मावते, पण प्लॅस्टिकची पट्टी जोर लावून कापताना ती बोटांच्या पेरांत रुतते, आणि बोटे अधिक आवळावी लागल्यामुळे मनगट लवकर दुखते. बोटांसाठी कोरलेल्या खळग्यांविषयीही हेच म्हणेन: ते कुणा मध्यम पंजाच्या मापाने कोरलेले असतात, माझी करंगळी खळग्यांमधल्या उंचवट्यावर येते आणि यजमानांची तर मुठीबाहेरच जाते. सरळ मूठ दोघांनाही चालते.

खडबडीत जी-टेनच्या, म्हणजे काचेचे तंतू आणि राळ यांच्या कठीण थरांच्या, मुठी तेलकट हातातही सुटत नाहीत, हे खरे, पण त्यांचा खरखरीतपणा आधीच मिरचीने हुळहुळलेल्या कातडीला सोसत नाही. आमच्या क्रॉसबारच्या मुठीच्या कडा यजमानांनी बारीक पॉलिश पेपरने घासून दिल्या आणि त्यानंतर ती सुसह्य झाली; घासताना पाण्याचा हात ठेवावा आणि नाकाला रुमाल बांधावा, कारण त्यातली काचेच्या तंतूंची धूळ छातीला वाईट असते. क्लिप सर्वांत जास्त टोचते आणि ती प्रत्येक वेळी तळहाताच्या त्याच जागी टोचते. मी सगळ्या क्लिपा काढून ठेवल्या आहेत.

सध्या क्रॉसबार माझ्या टेबलावर असतो आणि पोती, पट्ट्या, खोबरे ही सर्व कामे त्याच्यावर होतात. लायनर लॉक यजमानांच्या खिशात आहे, बिनखटक्याचा फळांच्या टोपलीजवळ, आणि बॅक लॉक सुईसकट खणात. कडीचा चाकू मी पार्सलांच्या सुतळीसाठी ठेवला आहे. त्याची मूठ उन्हाळ्यात पूर्ण वाळल्यावर कच्च्या जवसाच्या तेलात रात्रभर बुडवून, पुसून, सावलीत सुकवणार आहे, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात ती ओल कमी धरेल.