कंबरेसाठी अ‍ॅक्युपंक्चर: सोलापुरात सात रस्त्याजवळच्या दवाखान्याचा अनुभव

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग मास्तर. दिवसभर टेबलावर वाकून कापडाच्या थप्पीवर मशीन चालवायचं म्हटल्यावर कंबर धरणारच. एमआरआयमध्ये ऑपरेशन करण्यासारखं काही निघालं नाही. गोळ्यांनी पित्त वाढलं. शेवटी मेव्हणे म्हणाले, सुया टोचून तरी बघा.

सुईची भीती असेल तर सांगतो, ही इंजेक्शनची सुई नव्हे. केसापेक्षा थोडीच जाड आणि भरीव. प्लास्टिकच्या नळीत धरून वर टिचकी मारतात, टोचलेलं कळतही नाही. खरा प्रकार पुढे. डॉक्टरांनी ती बोटांत जराशी फिरवली की आत खोलवर जडपणा येतो. गुडघ्यामागच्या घडीतल्या सुईने तर माझ्या पोटरीपर्यंत मुंग्या गेल्या. मग सुयांना चिमटे लावून बारीक करंट, आणि पालथं पडून राहायचं. बाजूच्या कॉटवरच्या मावशी तर घोरत होत्या. सुयांचं पाकीट डोळ्यांदेखत फोडतात, याला माझे पूर्ण मार्क.

भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो आहे. सोलापूरकर म्हणून छाती फुगते, पण ते सर्जन होते, सुया टोचणारे नव्हेत. 1938 साली त्यांच्याबरोबर चीनला गेलेल्या भारतीय डॉक्टरांच्या पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली.

आता फरक. सुरुवातीला शून्य. नंतर रात्री कूस बदलताना जाग यायची ती थांबली, सकाळचा ताठरपणा कमी झाला. पण शाळा उघडायच्या आधी ऑर्डरींची घाई लागली की संध्याकाळी कंबर बोलतेच. म्हणजे दुखणं गेलं नाही, त्याची धार गेली. 2018 साली सुमारे 20 हजार रुग्णांच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला, त्यातही असंच दिसतं: सुया न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांना बरा आराम, पण खोट्या सुयांशी (म्हणजे नुसतं टोचल्यासारखं करायचं किंवा भलत्याच जागी टोचायचं) तुलना केली तर फरक लहान. कोणता उपचार द्यावा हे डॉक्टरांना सांगणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीला हे देऊ नका म्हटलं आणि 2021 मध्ये ठोस कारण न सापडणाऱ्या जुनाट दुखण्याला चालेल म्हटलं. मनाचा भाग किती आणि सुईचा किती, ते असो. मला झोप लागते.

खटकलं ते काउंटरवर. पहिल्याच दिवशी पूर्ण पॅकेजचे पैसे भरा म्हणून मागे लागतात. वर शुगर, थायरॉइड सगळं जाईल असं छापलेला कागद हातात. मी दर वेळचे वेगळे देतो म्हटलं, कुरकुरत का होईना ऐकलं.

कुठेही गेलात तरी नोंदणीचं प्रमाणपत्र बघा. आपल्या राज्यात यासाठी वेगळा कायदा आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा. रिकाम्या पोटी जाऊ नका, घेरी येते. आणि गाडी लांब लावावी लागते, संध्याकाळी तर विचारूच नका.