पिल्लाची आई न दाखवणारा विक्रेता

शित्झू जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायचं असेल आणि विकणारा पिल्लाची आई दाखवायला घरी बोलवत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवा. कागदपत्रं वगैरे सगळं त्यानंतर.

पुण्यातल्या आमच्या विक्रेत्याने कारण मोठं गोड दिलं. “ताई, घरी वडील आजारी आहेत, येणंजाणं बंद केलंय. मीच चांदणी चौकात घेऊन येतो.” आला स्कूटरवर, पायाशी केकचा खोका, खोक्यात मुठीएवढं पिल्लू. माझ्या आईने ते पदरात घेतलं आणि घासाघीस करायची वेळ तिथेच टळली. अठ्ठावीस हजार, ‘केसीआय पेपर’सकट, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीच्या कागदांसकट. पाच हजार यूपीआयने आधीच गेले होते, उरलेले त्याने रोख मागितले. पेपर म्हणे चेन्नईहून पोस्टाने येणार.

हे ‘टीकप’ आहे, मोठं होणारच नाही, असंही म्हणाला. टीकप नावाची जात कुठल्याच केनेल क्लबच्या यादीत नाही. पूर्ण वाढलेला शित्झू साधारण चार ते सात किलोंचा भरतो. इवलंसं पिल्लू दाखवून जास्त पैसे मागितले, तर ते बहुधा वयाने कमी असतं, नाहीतर उपाशी. आमचं दोन्ही होतं.

दुसऱ्याच रात्री उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. सकाळी कोथरूडला व्हेटकडे नेलं. टेस्ट किटवर पार्व्हो निघाला, म्हणजे कुत्र्यांच्या पिल्लांना होणारा विषाणूचा गंभीर आजार. डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले. मागच्या दाढा अजून फुटायच्याच होत्या. म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांचं, आणि लसीकरणाच्या कार्डावर वय नऊ आठवडे, दोन डोस झालेले! खरी लस दिली की बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात. डॉक्टरांनी त्या चौकोनावरून नख फिरवलं, ते कुठेच अडलं नाही. स्टिकर नव्हतंच, स्टिकरची रंगीत झेरॉक्स होती. सहीखाली डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही नव्हता. कार्ड हातात आलं की आधी नख फिरवून बघा.

विक्रेत्याला फोन केला तर उत्तर तयार: “तुमच्या घरात लागलं असेल.” पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात. पिल्लू आमच्याकडे येऊन दोन दिवसही झाले नव्हते. हे ऐकवल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला.

2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवावी लागते. चिपचा नंबर पंधरा आकडी असतो. व्हेटकडचा स्कॅनर मानेवरून फिरवला की तो दिसतो. आमच्या पिल्लावर स्कॅनर गप्पच राहिला. चिप नाही, तर ‘पेपर’ नेमके कुठल्या कुत्र्याचे येणार होते, हे त्यालाच ठाऊक.

चौकीत अर्ज दिला. यूपीआयच्या पाच हजारांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. रोखीचा पुरावा काहीच नाही, म्हणून तर त्याने रोख मागितले. ‘पिल्लू दिल्लीहून विमानाने पाठवतो, पिंजऱ्याचं डिपॉझिट भरा’ म्हणणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथे पिल्लूच नसतं. तसे पैसे गेले असतील, तर लगेच 1930 लावा.

आमचं पिल्लू, लाडू, वाचलं. सलाईन, इंजेक्शनं आणि आयसोलेशनचं बिल त्याच्या किमतीच्या वर गेलं. घरात पार्व्हो येऊन गेला असेल, तर लसी पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू काही महिने आणू नका. हा विषाणू साध्या फिनेलला दाद देत नाही, पाणी घातलेलं ब्लीच वापरावं लागतं.

ज्या फोटोवर आम्ही भाळलो, तो मागच्या आठवड्यात पुन्हा जाहिरातीत दिसला. पिल्लू आता हडपसरला आहे म्हणे, आणि भाव दोन हजारांनी वाढलाय.