सिंगापूर, क्वालालंपूर की दोन्ही? आधी रात्री मोजा

नकाशावर ही दोन शहरं बोटभर अंतरावर दिसतात. विमानाने तासाभराची उडी, रस्त्याने साधारण साडेतीनशे किलोमीटर. म्हणून सुट्टीचा बेत आखायला बसलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "एवढे लांब जातोय, तर दोन्ही उरकून टाकू." दोन्ही शहरं मी वेगवेगळ्या माणसांबरोबर पाहिली आहेत आणि माझं मत आता पक्कं झालंय: सहल बिघडते ती या "उरकून टाकू"मुळे. मध्ये दोन देशांची सीमा आहे. तिकिटावर काहीही वेळ छापलेली असो, ती ओलांडण्यात एक दिवस जातो.

विमानाचा दिवस मांडून बघा. सकाळी नाश्ता करून खोली सोडायची. क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून पन्नासहून जास्त किलोमीटर लांब, तिथे दोन तास आधी पोचायचं. मग उड्डाण, इमिग्रेशनची रांग, सामान, शहरात जाणं, नवी खोली. हातात उरते ती संध्याकाळ. बस स्वस्त पडते आणि कागदावर पाच-सहा तासांत पोचते. पण जोहोर बाहरूला मलेशियातून बाहेर पडण्यासाठी उतरायचं, पुन्हा चढायचं, जेमतेम किलोमीटरभराचा कॉजवे, म्हणजे दोन देशांना जोडणारा समुद्रातला भराव-रस्ता, ओलांडायचा आणि वुडलँड्सला सगळं सामान घेऊन परत उतरायचं. या कॉजवेवरून लोक रोज कामाधंद्यासाठी जा-ये करतात. शुक्रवारी संध्याकाळी सिंगापूरहून मलेशियाकडे आणि रविवारी संध्याकाळी उलट दिशेने भयंकर गर्दी असते. लागून सुट्ट्या आल्या तर विचारूच नका. बसनेच जायचं असेल तर मंगळवार-बुधवारची सकाळ धरा, आणि उतरण्याआधी बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवा. रांगेत मागे पडलेल्या प्रवाशासाठी बस फार वेळ थांबत नाही, आणि पलीकडे एकसारख्या दिसणाऱ्या दहा बस उभ्या असतात.

माझा हिशेब असा. चार-पाच रात्री असतील तर एकच शहर. सहा रात्री असतील आणि सगळे धडधाकट असतील तर दोन्ही जमेल, पण मी करणार नाही. सात किंवा जास्त असतील तर खुशाल दोन्ही करा.

एकच करायचं तर कुठलं? इथे प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवून सोबत कोण आहे ते बघावं.

आजी-आजोबा आणि लहान मुलं

बरोबर गुडघे दुखणारं माणूस किंवा बाबागाडी असेल तर सिंगापूर. यावर मी फार वाद घालत नाही. तिथल्या प्रत्येक एमआरटी (मेट्रो) स्टेशनला लिफ्ट आहे, पदपथ सलग आहेत, चांगी विमानतळावरून मेट्रोने, एकदा गाडी बदलून, शहरात येता येतं. तिकिटाची भानगड नाही: संपर्करहित बँक कार्ड फाटकावर टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. परदेशी कार्डावर थोडा जादा आकार पडतो, आणि प्रत्येक माणसाला वेगळं कार्ड लागतं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत, हे बऱ्याच जणांना फाटकापाशी उभं राहिल्यावर कळतं. ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीची मुलं मोठ्यांसोबत मोफत. नळाचं पाणी सरळ पिता येतं, त्यामुळे बाटली भरून घेत फिरायचं.

क्वालालंपूरमध्येही एलआरटी (हलकी मेट्रो), एमआरटी, मोनोरेल, कोम्युटर (उपनगरी रेल्वे) असं सगळं आहे. अडचण एका गाडीतून दुसरीत जाण्याची आहे. मुख्य स्टेशन केएल सेंट्रल; तिथून मोनोरेल पकडायची तर एक अख्खा मॉल ओलांडून जावं लागतं. रस्ते रुंद, गाड्या वेगात, पदपथ मध्येच संपतात. बुकिट बिंतांग ते पेट्रोनास टॉवर्सच्या भागापर्यंत वातानुकूलित पादचारी पूल आहे, तो मात्र वरदान आहे. एरवी ग्रॅब या अ‍ॅपवरून टॅक्सी मागवावी. तिथे ती इतकी परवडते की चार जणांच्या कुटुंबाला रेल्वेपेक्षा तीच सोयीची. विमानतळावरूनही हाच विचार करा. केएलआयए एक्सप्रेस ही विमानतळाची रेल्वे २८ मिनिटांत केएल सेंट्रलला पोचवते, पण माणशी ५५ रिंगिट घेते. एकटा माणूस असेल तर उत्तम. चौघं असाल तर दाराशी सोडणारी गाडी निम्म्याच्या आसपास पडते. गर्दीच्या वेळी ती अडकते, एवढं ध्यानात ठेवा.

क्वालालंपूरजवळच्या बातू केव्हज या गुहा-मंदिरांना सासूबाईंना घेऊन गेले तेव्हाचं सांगते. मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, ४२.७ मीटर उंच सोनेरी मूर्ती पायथ्याशीच आहे, आणि मुख्य गुहेपर्यंत २७२ पायऱ्या. त्यांनी मूर्तीसमोर हात जोडले, मागच्या रंगीत पायऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी इथंच बसते, तुम्ही या जाऊन." त्यांना वाईट वाटलं नाही, मलाच वाटलं. घरी असतानाच हे बोलून ठेवायला हवं होतं: कोण चढणार, कोण खाली थांबणार, आणि खाली थांबणाऱ्याच्या फोनमध्ये नेट आहे का. सकाळी आठच्या आत पोचा, गुडघे झाकणारे कपडे घाला, हातात खाऊची पिशवी ठेवू नका, माकडं हिसकावतात. कोम्युटर गाडी अगदी पायथ्याशी सोडते.

राहणं आणि खर्च

इथे पारडं पूर्णपणे क्वालालंपूरकडे झुकतं. सिंगापूरमध्ये जेवढ्या पैशांत दोन पलंगांमध्ये बॅग उघडायला जागा नसलेली खोली मिळते, तेवढ्यात क्वालालंपूरला पोहण्याच्या तलावासह प्रशस्त अपार्टमेंट मिळतं. पाच-सहा जणांचा गट, एकत्र बसून गप्पा मारायच्या, मुलांनी पाण्यात डुंबायचं, अशी सुट्टी हवी असेल तर सिंगापूरमध्ये पैसे जाळू नका.

बुकिंग करताना दोन्हीकडे खोलीचं वर्णन शेवटपर्यंत वाचा. खिडकी नसलेल्या खोल्या दोन्ही शहरांत सर्रास विकल्या जातात आणि फोटोतल्या पडद्यामागे भिंत असू शकते. मलेशियात परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट पर्यटन कर असतो. तो बऱ्याचदा ऑनलाइन किमतीत धरलेला नसतो, काउंटरवर भरावा लागतो. सिंगापूरमध्ये हॉटेलातल्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की १० टक्के सेवा शुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागणार असं समजा. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांमध्ये, ही भानगड नाही, आणि खरं सिंगापूर तिथेच भेटतं. या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२० मध्ये आपल्या यादीत घेतलं.

शाकाहाऱ्यांना दोन्हीकडे उपाशी राहावं लागत नाही. सिंगापूरचं लिटल इंडिया आणि क्वालालंपूरचं ब्रिकफील्ड्स, दोन्हीकडे केळीच्या पानावरचं जेवण आणि डोसे. ब्रिकफील्ड्स तर केएल सेंट्रलला लागूनच आहे. फसगत होते ती नुसत्या "भाज्या" मागवल्यावर: परतलेल्या पालेभाजीत बेलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी किंवा ऑयस्टर सॉस असतो. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही, "बेलाचान नको, मासे नको" असं सांगा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी चिनी बौद्ध शाकाहारी दुकानं शोधावीत. तिथे परंपरेने तो वापरत नाहीत.

कागदपत्रं: फरक इथे सर्वांत मोठा

मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेश दिला आहे. ही सवलत मुदतीची आहे आणि मुदत वाढवली जाते, म्हणून तिकीट काढण्याआधी मलेशियाच्या अधिकृत स्थळावर तारीख बघून घ्या. सिंगापूरला मात्र व्हिसा लागतोच. अर्ज मान्यताप्राप्त एजंटमार्फत जातो. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटचं वेगळं, आणि अर्ज नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही. ऐनवेळी ठरवलेली सहल असेल तर हा एकच मुद्दा क्वालालंपूरच्या बाजूने निकाल लावतो.

सिंगापूरला उतरून, क्वालालंपूरला जाऊन, परत सिंगापूरहूनच भारतात यायचा बेत असेल तर व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे का हे आधी वाचा. नसेल तर परतीचं तिकीट हातात असून उपयोग नाही.

दोन्ही देशांना पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरून द्यावं लागतं: तिकडे एसजी अरायव्हल कार्ड, इकडे मलेशिया डिजिटल अरायव्हल कार्ड. दोन्ही मोफत आहेत. पैसे मागणारं पान उघडलं तर ते सरकारी नाही, लगेच बंद करा. कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, हेही घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर छापून जवळ हवं. फोनची बॅटरी नेमकी रांगेतच संपते.

बॅग भरताना सिंगापूरचे नियम जास्त कडक धरा, म्हणजे दोन्हीकडे भागतं. च्युइंगम तिथे १९९२ पासून आणता येत नाही. ई-सिगारेट बाळगणंही गुन्हा आहे. साध्या सिगारेटवर करमाफी शून्य, एक पाकीट असलं तरी जाहीर करायचं. मलेशियातून येणाऱ्याला दारूवरही करमाफी नाही. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेणार असाल तर तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची आगाऊ परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवाच. आणि हे खास आपल्यासाठी: खसखस सिंगापूरमध्ये निषिद्ध आहे. दिवाळीच्या सुट्टीत जाताना कोणी प्रेमाने अनारशांचा डबा दिला तर तो घरीच खाऊन संपवा.

कधी जायचं

दोन्ही शहरं विषुववृत्तालगत, म्हणून उकाडा आणि पाऊस बारमाही. सिंगापूरला नोव्हेंबर ते जानेवारी जास्त भिजवतो. क्वालालंपूरला एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सरी बहुधा दुपारनंतर येतात, म्हणून बागा आणि पायऱ्या सकाळी, मॉल आणि संग्रहालयं दुपारी. चिनी नववर्षाच्या दोन-तीन दिवसांत बरीच दुकानं बंद असतात. फॉर्म्युला वनच्या शर्यतीच्या आठवड्यात सिंगापूरच्या खोल्यांचे भाव आवाक्याबाहेर जातात. तैपूसम या मुरुगनच्या उत्सवाला बातू केव्हजला भाविकांचा महापूर असतो. श्रद्धेने जायचं तर जरूर जा, पण लहान मुलं घेऊन नको. पेट्रोनासचा वरचा मजला सोमवारी बंद असतो आणि तिकिटं मर्यादित, ती ऑनलाइन आधीच घ्या. वर नाही गेलात तरी संध्याकाळी खालच्या बागेतून दिसणारे ते ४५२ मीटरचे जोडमनोरे फुकटच आहेत, आणि मला तेच जास्त आवडतात.

दोन्ही ठरवलंच असेल तर

आधी क्वालालंपूर, मग सिंगापूर. तिकीट एका शहरात उतरणारं आणि दुसऱ्यातून निघणारं काढा, थोडं महाग वाटलं तरी. त्यात परतीचा एक आख्खा दिवस वाचतो. प्रवासाचा शिणवटा मोठ्या खोलीत, निवांत उतरतो. शेवटी सगळे दमलेले असतात तेव्हा सिंगापूरची बिनकटकट मेट्रो आणि शहराजवळचा विमानतळ कामाला येतो. सॉकेट दोन्हीकडे तीच तीन चौकोनी पिनांची, वेळही एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. चलन मात्र वेगळं, म्हणून उरलेले रिंगिट मलेशियातच संपवा.

दुसरं कारण खरेदीचं. सिंगापूरमध्ये १०० डॉलर किंवा त्याहून जास्त खरेदी केली की सहभागी दुकानांतल्या मालावरचा जीएसटी पर्यटकाला परत मागता येतो, पण चांगीसारख्या विमानतळावरून निघाल्यासच. बसने मलेशियाला निघून गेलात तर ते पैसे गेले. दुकानात पासपोर्ट दाखवा. विमानतळावर मोठी बॅग चेक-इन करण्याआधी परताव्याच्या यंत्रावर जा, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतात. म्हणून शेवटच्या रात्री बॅग भरताना घेतलेली वस्तू आणि तिची पावती कपड्यांच्या वर ठेवा, तळाशी नको.