शंभर डॉलरच्या आतला बोलका ब्लँक: घरी बास रॉड बांधणाऱ्यांसाठी

लार्जमाऊथ बास हा शिकारी मासा जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचं गळाचं आमिष, पकडतो ती ओढून नव्हे, पाण्याबरोबर तोंडात शोषून. पटली नाही तर तेवढ्याच झटक्यात थुंकतो. वर हँडलवर जाणवते फक्त एक टिचकी, कधी तर तीही नाही. नुसतं जिगचं वजन क्षणभर हरवतं. ही बातमी हातापर्यंत आणतो तो बोलका रॉड. असा रॉड घरी बांधायला किती खर्चाचा ब्लँक, म्हणजे रॉडची नुसती काठी, पुरतो? आमचं मत आधीच सांगतो: ६० ते १०० डॉलरमध्ये काम होतं. त्यापुढचे पैसे बहुतेक वेळा शेंड्याऐवजी लेबलावर जातात, आणि खालचे ३०-४० डॉलरचे ब्लँक शिकण्यासाठी ठीक.

पहिला घोळ लेबलाचाच. आयएम६, आयएम७, आयएम८ ही एका कंपनीच्या कार्बन धाग्यांची व्यापारी नावं आहेत, इयत्ता नव्हेत. आयएम६ आणि आयएम७ या दोन्ही धाग्यांचं मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, ४ कोटी पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास आहे. म्हणजे सहाचा सात झाला म्हणून ताठपणा वाढला असं होत नाही. त्यातून रॉडवाले हीच नावं सैलपणे वापरतात. मॉड्युलस धाग्याचं असतं, ब्लँकचं नसतं. ब्लँकमध्ये राळ किती, धाग्याखाली आडवा पदर कसला, शेंड्याची भिंत किती पातळ, वरून रंग चढवलाय की नाही, यावर सगळं ठरतं. चकचकीत रंगाचा ब्लँक कपाटात शोभतो, पण तो रंग शेंड्यापर्यंत गेलेला असतो आणि त्याचं वजन तिथेच नडतं. मॅट किंवा न रंगवलेला मिळत असेल तर तोच घ्या.

बोलका म्हणजे काय, हे एकदा हातानं करून बघावं. ब्लँकचा बुडखा धरून शेंडा हलकेच झटका आणि तो किती पटकन स्थिर होतो ते पाहा. मग शेंड्याला एक ग्रॅमभर मास्किंग टेप गुंडाळून तेच करा. शेंडा लगेच आळशी होतो, डुलत राहतो. तोच एक ग्रॅम बुडख्याला लावला तर काहीच कळत नाही. संवेदनशीलता म्हणजे ताठपणा भागिले वजन, आणि त्यातलं वजन शेंड्याकडच्या अर्ध्या भागातलं. म्हणून ब्लँकचं एकूण वजन बघाच, पण दोन ब्लँकची लांबी आणि ताकद सारखी असेल तरच. मीडियम-लाइट ब्लँक मीडियम-हेवीपेक्षा हलका असणारच, त्यात कौतुक काही नाही. ७ फुटी मीडियम-हेवी बास ब्लँक साधारण ४५ ते ६५ ग्रॅम भरतो. या पट्ट्यात खालच्या अंगाला असलेला शोधायचा.

आता दुकानं. अमेरिकेत या किमतीत दोन नावं सारखी पुढे येतात: फ्लोरिडातल्या ओव्हिएडोच्या मड होलचे एमएचएक्स, आणि वॉशिंग्टन राज्यातल्या सिक्विमच्या बॅटसनचे रेनशॅडो.

एमएचएक्सचा एमबी ८४३ हा टेक्सस रिग (मऊ आमिषात गळाचं टोक लपवायची मांडणी) आणि मध्यम जिगसाठी सुरक्षित निवड आहे. आकडा वाचायची रीत सोपी: पहिले दोन आकडे लांबी इंचात, ८४ म्हणजे ७ फूट, शेवटचा ताकद. ८४२ त्याहून मऊ, ८४४ त्याहून दणकट. ८४३ ला साधारण पाव ते पाच-अष्टमांश औंस, म्हणजे ७ ते १८ ग्रॅमची आमिषं मानवतात. अर्धा औंस जिग रोज आणि तीही झाडोऱ्यात टाकायची असेल तर ८४४ घ्या. ८४३ वाकेल, मोडणार नाही, पण गळ रोवताना उशीर होईल. शेंडा अतिशय चपळ म्हणता येणार नाही, मात्र मार सोसतो. पहिल्या रॉडसाठी हा गुण लाखमोलाचा.

रेनशॅडोमध्ये आरएक्स६ सोडा. आरएक्स७ प्रामाणिक आहे. थोडा जड वाटतो, पण पैसे वसूल. खरी मेख इमॉर्टल मालिकेत. किंमत शंभरीच्या आसपास किंवा जरा वर जाते, पण ड्रॉप-शॉटसारख्या (शिसं खाली, आमिष वर) नाजूक कामाला ७ फुटी एक्स्ट्रा-फास्ट, म्हणजे फक्त शेंड्याकडे वाकणारा, स्पिनिंग (रीळ खाली लटकणारा) ब्लँक घ्यायचा असेल तर आरएक्स७ पासून इथवरची उडी हाताला कळते. तिथून पुढे महागड्या इटर्निटी मालिकेपर्यंतची उडी खिशाला जास्त कळते. एकच रॉड बांधणार असाल आणि तो सहा-सात ग्रॅमच्या शिशासाठी असेल, तर इमॉर्टल. जिगसाठी असेल तर एमबी ८४३ आणि उरलेले पैसे गाइडवर, म्हणजे दोर ओवायच्या कड्यांवर.

क्रँकबेटसाठी, म्हणजे ओढताना डुगडुगणाऱ्या माशाच्या आकाराच्या आमिषासाठी, मात्र या सगळ्याची गरजच नाही. तिथे मासा स्वतःच गळावर चढतो आणि ताठ ब्लँक उलट त्याच्या तोंडातून गळ उपसून काढतो. ग्लास (काचतंतू) किंवा ग्लास-कार्बन मिश्र, मॉडरेट ॲक्शनचा (मध्यापर्यंत वाकणारा), स्वस्त घ्या.

ब्लँक घरी आल्यावर मोजून पाहण्याची एक भक्कम रीत आहे, विल्यम हॅनमन यांची कॉमन सेंट्स पद्धत. ब्लँक हँडलच्या जागी आडवा, पक्का धरून ठेवायचा. शेंड्याला पिशवी बांधून तिच्यात वजन टाकत जायचं, शेंडा रॉडच्या एक-तृतीयांश लांबीइतका खाली येईपर्यंत. ७ फूट म्हणजे २१३ सेंटीमीटर, म्हणून ७१ सेंटीमीटर. मूळ पद्धतीत एक सेंटची नाणी मोजतात, १९८२ नंतरचं प्रत्येक अडीच ग्रॅमचं. (अमेरिकेनं नोव्हेंबर २०२५ मध्ये ही नाणी पाडणंच थांबवलं, पण डबे भरलेले आहेत.) बास ब्लँकला नाणी बरीच लागतात, त्यापेक्षा पिशवीत पाणी ओता, एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम. वाकलेल्या अवस्थेत शेंडा आडव्या रेषेशी किती कोन करतो तेही मोजा. ६६ अंशांच्या पुढे असेल तर फास्ट. आता लागलेलं वजन भागिले ब्लँकचं वजन. सारख्या लांबीच्या दोन ब्लँकमध्ये ज्याचा भागाकार मोठा, तो पैशाला जागला. पाणी ओतताना ब्लँक झटक्यानं वाकवू नका, आणि मोडलाच तर चष्मा लावलेला बरा.

छताला शेंडा टेकवून ब्लँक वाकवण्याची जुनी दुकानी तऱ्हा तेवढी नको. सगळा भार शेंड्याच्या दोन बोटं जागेवर येतो, तिथेच तडा जातो, आणि तो दिसतो चार महिन्यांनी पहिल्या मोठ्या माशावर.

स्पाइनवर, म्हणजे ब्लँकच्या घेरातल्या जास्त ताठ बाजूवर, लोक तासनतास घालवतात. बुडखा जमिनीला टेकवून, तळहातावर मध्य फिरवून ब्लँक कुठल्या बाजूला उडी मारतो ते पाहायचं, वगैरे. करा, पण निर्णय सरळपणावर घ्या: टेबलावर ब्लँक फिरवत नेमका वाक कुठे दिसतो ते पाहून तो वर किंवा खाली ठेवा, डावी-उजवी नको. कास्टिंग रॉड माशाच्या ओढीनं पिळतो तो स्पाइनमुळे नव्हे, गाइड वर असल्यामुळे. पीळ खरंच नको असेल तर गाइड वरून खाली वळवत न्यायची स्पायरल बांधणी करा. स्पिनिंग रॉडला हा प्रश्न येत नाही, गाइड आधीच खाली लोंबतात.

ब्लँक लांब वाटला तर कुठून कापायचा, यावर अर्धे रॉड बिघडतात. बुडख्याकडून दोन इंच काढले तर रॉड फक्त आखूड होतो. शेंड्याकडून दोन इंच काढले तर सगळ्यात मऊ भाग गेला. ताकद वाढते, ॲक्शन मंदावते आणि टिप-टॉपही (अगदी टोकाचं कडं) मोठं लागतं. टिप-टॉपच्या नळीचं माप इंचाच्या ६४ व्या भागात देतात: ५.५ म्हणजे सुमारे २.२ मिलिमीटर. कापायला करवत नको, धागे फाटतात. वर मास्किंग टेप, डायमंड चकती, तोंडाला मास्क. कार्बनची धूळ फुप्फुसाला आणि कातडीला दोन्हीकडे वाईट.

इथवर नीट निवडलेला ब्लँक बांधणीत मुका करणं अगदी सोपं आहे. सगळ्यात जास्त गुन्हा इपॉक्सीचा. दोऱ्याच्या गुंडाळीवर दोन जाड थर, त्यात शेंड्याकडचे सहा गाइड, म्हणजे मघाचा मास्किंग टेपचा प्रयोग कायमचा करून ठेवल्यासारखं. शेंड्याकडच्या भागात एकच पातळ थर, तोही दोऱ्याची वीण किंचित दिसेल इतका. गाइडच्या पायाचं टोक कानशीनं घासून निमुळतं करा, नाहीतर दोरा तिथे उडी मारतो, पोकळी राहते आणि ती भरायला पुन्हा इपॉक्सी. टिप-टॉप गरम करून वितळणाऱ्या गोंदानंच बसवा. इपॉक्सीनं बसवलंत तर बदलताना ज्योत लावावी लागते आणि शेंड्याची राळ तिथेच करपते.

गाइडची संख्या साधारण फुटाला एक, वर एक, शिवाय टिप-टॉप. ७ फुटी स्पिनिंगला फुजीच्या केआर रचनेतली २०, १०, ५.५ या मापांची उतरण आणि पुढे ५ किंवा ५.५ चे छोटे गाइड ही बैठक उत्तम. विणलेल्या (ब्रेड) दोराला जुळते आणि शेंडा हलका राहतो. टायटॅनियम फ्रेम घेतलीत तर उत्तमच, पण तेवढ्यात दुसरा ब्लँक येतो. स्टीलच्या फ्रेमचे, चांगल्या रिंगचे छोटे गाइड पुरे. लांब फ्लुरोकार्बन लीडर (मुख्य दोराला जोडलेला पुढचा तुकडा) गाठीसह गाइडमधून जाणार असेल तर ४.५ च्या खाली उतरू नका, गाठ अडकते.

रीळ सीट अशी घ्या की ब्लँक बोटाला थेट लागेल. सीट आणि ब्लँक यांच्यातली फट मास्किंग टेपच्या रिंगांनी भरतात. चालतं, पण दोन रिंगांमध्ये इपॉक्सी खच्चून भरली नाही तर वर्षाभरात सीट कुरकुरायला लागते आणि सगळी टिचकी त्या पोकळीत विरते. फोम किंवा ग्रॅफाइट आर्बर (फट भरणाऱ्या तयार नळ्या) याहून बरे.

एकूण हिशेब असा: ब्लँक ६० ते १००, गाइड ३० ते ४५, सीट आणि पकड मिळून ३० ते ४०, दोरा-इपॉक्सी वगैरे १५. म्हणजे १३५ ते २००. शंभर डॉलरच्या तयार रॉडशी पैशासाठी स्पर्धा करायला हे करू नका. दोनशे-अडीचशेच्या तयार रॉडशी तुलना केली तर बांधलेला जिंकतो. पाठवणीचा खर्च मात्र आधीच धरा: अमेरिकेत ४८ इंचांहून लांब खोक्याला कुरिअर जादा आकारतात, त्यामुळे एक ब्लँक मागवणं आतबट्ट्याचं. मित्राबरोबर दोन-तीन एकत्र मागवा, आणि थँक्सगिव्हिंगच्या सवलती येतात त्याच्या आसपास.

भारतात मागवणाऱ्यांना ही लांबी आणखी महागात पडते, वर कस्टम्स. तिथे दोन तुकड्यांचा ब्लँक व्यवहारी. मधल्या सांध्याचे काही ग्रॅम मध्यावर पडतात, शेंड्यावर नाही, त्यामुळे नुकसान दिसतं तेवढं नसतं. खाडीतला जिताडा किंवा तळ्यातला मरळ हेच लक्ष्य असेल तर ८४४ च्या ताकदीकडे बघा. बासच्या मानानं दोघंही आडदांड.

आणि हाय मॉड्युलसचा मोह होतच असेल तर रॉड कोण आणि कसा वापरणार ते आधी ठरवा. अशा ब्लँकची भिंत पातळ असते. फेकताना शिशाची जिग एकदा ब्लँकवर आपटली, होडीत उचलताना रॉड सरळ उभा करून मासा वर खेचला, किंवा घरात छताच्या पंख्यानं शेंडा पकडला, की लागलीच मोडत नाही. ओरखडा राहतो आणि मोडतो नंतर, भलत्याच वेळी. होडीत मुलं असतील तर आरएक्स७ घ्या.