फुकट वीज की सौर पंप?

2024च्या विधानसभा निवडणुकीआधी शेतकऱ्यांपुढे दोन गाजरं आली: साडेसात एचपीपर्यंतच्या (एचपी म्हणजे पंपाची ताकद) कृषिपंपाला मोफत वीज आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. विहीर नव्याने खोदलेला भाचा विचारतोय, मामा, कशासाठी अर्ज करू? सभेतली भाषणं सोडून हिशोब पाहू.

खर्च. मोफत विजेत बिल शून्य, कारण ते सरकार महावितरणला देतं. पण योजनेची मुदत मार्च 2029पर्यंतच. पुढचं पुढच्या निवडणुकीवर! सौर पंपाला किमतीच्या सर्वसाधारण गटात 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के हिस्सा एकदाच भरायचा. त्यानंतर बिलच नाही, त्यामुळे ते माफ करणाऱ्याचे उपकारही नाहीत.

पाणी. खरी गोम इथेच आहे. पंपाला लागणारी थ्री-फेज वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की हातात टॉर्च घेऊन, विंचूकाट्यातून पिकाला बारे (पाणी) द्यायला जायचं. सौर पंप दिवसाच चालतो, पण आभाळ भरलं की धार बारीक होते. शिवाय एचपी सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर ठरतो. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी. खोल बोअरला तो पुरत नाही.

देखभाल. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळालं तर सगळ्या शिवाराची बोंब, सौर बिघडला तर एकट्याची. सौर पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. पॅनेल मात्र स्वतःच धुवायचे.

विजेची जोडणी आधीच असेल तर ती सोडू नये. भाच्यासारखी उथळ विहीर, थोडी जमीन आणि नवी मागणी असेल तर सौर. खोल बोअरवर ऊस असेल तर तारेची वीजच बरी.