इलेक्ट्रिक स्कूटर, पाच महिने आणि एक तुटलेला हुक

गाडीचा पुढचा हुक तुटला त्याच दिवशी लिहायला बसणार होतो, पण तेव्हा नुसत्या शिव्याच लिहिल्या गेल्या असत्या म्हणून दोन आठवडे थांबलो. गाडी जूनमधे घेतली, आता 4,300 किमी झालेत. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, वॉरंटी अजून शिल्लक आहे.

आम्ही इंदूरला, राजेंद्र नगरमधे राहतो. गाडी घेतली ऑफिससाठी, पण घेतल्याबरोबर बायकोने जाहीर केलं की आता पेट्रोल लागत नाही ना, मग दर रविवारी कुठेतरी जायचं. आता याला काय उत्तर देणार. त्यामुळे हा रिव्ह्यू खरं म्हणजे रविवारचा आहे. ऑफिसला जायला-यायला गाडी उत्तम, विषय संपला.

पहिल्यांदा पाताळपाणीचा धबधबा. राऊ, महू, आणि पुढे डावीकडे. जाऊन-येऊन 60 किमीच्या आत, परत आलो तेव्हा 34 टक्के बॅटरी बाकी. आम्ही खूश. गाडीला आवाज नाही त्यामुळे स्टँड लावायच्या आधीच पाण्याचा आवाज ऐकू आला, हे मात्र पेट्रोलच्या गाडीवर कधी झालं नव्हतं. भुट्टा खाल्ला, रेलिंगपासूनच बघितलं. 2011 साली तिथे अचानक लोंढा आला आणि एका कुटुंबातली माणसं बघता बघता वाहून गेली, तो व्हिडिओ इंदूरमधे सगळ्यांनी पाहिलाय, तरी पोरं खाली उतरायला बघतातच. मग तिंछाचा धबधबा. तोही मस्त, शेवटचा रस्ता सोडला तर. दोन रविवारात माझं मत झालं की कंपनी रेंज थोडी वाढवून सांगते पण अगदीच खोटं बोलत नाही.

मग चोरल धरण. जुलैचा शेवट, आम्ही दोघं, खंडवा रोडने निघालो, सिमरोलच्या आयआयटीवरून पुढे घाट. चोरलला पोचलो तेव्हा 57 टक्के. मी हिशोब केला, येताना 43 गेले, जाताना 43 जातील, घरी 14 वर पोचू. धरणाचं पाणी बघत बसलो, डबा खाल्ला, निवांत. परत निघालो तर घाटात रस्त्याच्या कामामुळे ट्रकांची रांग, थांबा, चढा, थांबा, चढा. वर आलो तेव्हा आकडा बघून बायको म्हणाली, "अहो, हा 29 आहे की 39?" 29 होता. तेजाजी नगरला पोचेपर्यंत 4, आणि गाडी 20 च्या पुढे जाईना. एका ढाब्यावर दाल-बाफला मागवला (दोघांचे 320), आणि मालकाला विचारून कूलरच्या पॉइंटवर चार्जिंगला लावायला गेलो, तर चार्जर घरी. कूलरचा पॉइंट मोकळा आणि मी रिकाम्या हाताने. शेवटी मेहुण्याला फोन केला, तो चार्जर घेऊन आला आणि वर ऐकवून गेला की माझी ॲक्टिव्हा बरी.

तेव्हा मी इथे एक स्टार देणार होतो. आता देणार नाही, कारण चूक निम्मी माझी होती, आणि ती कळायला मला एवढा वेळ लागला याची लाज वाटते. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे. दक्षिणेला पठार संपतं, विंध्याचा कडा लागतो, खाली निमाड आणि नर्मदा. पाणी कड्यावरून पडतं म्हणून तर धबधबे. पाताळपाणी आणि तिंछा आपण वरूनच बघतो, म्हणजे पठार सोडतच नाही. चोरलला मात्र घाट उतरून जावं लागतं, म्हणजे जाताना बॅटरी फुकट चालते आणि येताना व्याजासकट वसूल करते. महेश्वरचंही तेच, जाम गेटच्या पुढे सरळ खाली. (आपल्याकडे बीच म्हणजे महेश्वरचा घाट, तिथे मी स्कूटर नेणार नाही, भावाची कार आहे.) आणि रेल्वेचं काय वेगळं होतं? तुकोजीराव होळकरांनी 1870 मधे एक कोटीचं कर्ज देऊन जी खंडवा-इंदूर लाइन टाकवली, त्यात पाताळपाणी ते कालाकुंडचा चढ 40 ला 1 आहे, तिथे गाडीला जादा इंजिन जोडायचे. रेल्वेला दोन इंजिनं लागायची तिथे मी स्कूटरला दोष देतोय.

तेव्हापासून नियम केला. घाट उतरायचा असेल तर खाली पोचल्यावर 65 च्या वर असायला पाहिजे, चढताना इको मोड आणि चार्जर बरोबर. याने खरंच फरक पडला, ऑगस्टमधे परत चोरल केलं, घरी 11 वर पोचलो.

पण आता चार्जर. हा चार्जर म्हणजे वीट आहे. डिकीत ठेवला की रेनकोट कसाबसा मावतो आणि डबा मावत नाही. आमचा डबा आईचा, स्टीलचा, चार खणी, ती म्हणते प्लास्टिकमधे पोहे नेले की वास येतो. मग डबा पुढच्या हुकावर. ज्याने हा हुक डिझाइन केला त्याने आयुष्यात डबा पाहिलेला नाही. भाजीची पिशवी अडकवायला ठीक, पण खड्डा आला की डबा झोके घेतो आणि गुडघ्यावर आपटतो. डावा गुडघा, दर वेळी डावा. आणि सप्टेंबरच्या शेवटी तिंछाच्या त्या शेवटच्या रस्त्यावर कट् असा आवाज, हुक गेला, डबा रस्त्यावर, झाकण एकीकडे, पोहे चिखलात, शेव मात्र पुडीत होती म्हणून वाचली. तुटलेला तुकडा हातात घेऊन बघितला, आतून पोकळ. पोकळ! बाहेरून मेटलसारखा रंग.

सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "भिया, हुक अलगसे नहीं आता, पूरा पॅनल बदलेगा." पॅनल 1,180, लेबर वेगळं. मी म्हटलं वॉरंटीत करा, तर म्हणे ओव्हरलोड केलं. ओव्हरलोड! डब्यात पोहे होते, सिमेंट नव्हतं. मॅनेजर आला, त्याने फोटो काढला, मेल करतो म्हणाला. मेल अजून आलेला नाही. तीन वेळा गेलो, चहा मात्र तिन्ही वेळा मिळाला, तोही गोड.

शेवटी सियागंजला गेलो, हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी एस हुक, 15 रुपये. जुन्या हुकाच्या स्क्रूलाच नट-बोल्ट लावून बसवला, नट-बोल्टचे 6. रंग जुळत नाही, बायकोला आवडलेला नाही. आईने पहिल्यांदा बघितला तेव्हा डबा अडकवून दोन-तीनदा हलवून बघितला आणि म्हणाली, आता लाडू पण दे बरोबर.

रेटिंग साडेतीन. अर्धा हुकाचा कापला.